कर्जबाजाऱ्याची गाडी

माणसाचे दिवाळे निघाले म्हणजे त्याचे काय काय गेले, हे सांगायला गावात कोणीही तयार असतो. घर गेले, वाडी गेली, घरधनिणीच्या अंगावरचे सोने गेले, अशी यादी पारावर बसल्या बसल्या पुरी होते. त्याच्याजवळ काय राहिले, आणि कायद्याने काय राहू दिले, ही दुसरी यादी मात्र फारसे कोणी करीत नाही. वस्तुतः तो माणूस उद्या सकाळी उठून पोटाला कसे मिळवणार, हे या दुसऱ्या यादीवरच ठरते. त्या यादीतील एकाच वस्तूचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे गाडी. आधी बैलाची आणि आता इंजिनाची.

वसई तालुक्यात इतिहास म्हटला की १७३९ साल, चिमाजी अप्पा आणि किल्ला एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु किल्ल्याच्या तटाइतकाच जप्तीचा कागदही इतिहासात मोडतो. मी शिकलेला वकील नव्हे. चालकांच्या आणि हमालांच्या संघटनेचे काम करताना जप्तीच्या नोटिसा वाचाव्या लागल्या. त्या कळेनात म्हणून कायद्याची पुस्तके उघडावी लागली. आणि कायदा असाच का झाला हे कळेना म्हणून इतिहासाकडे वळावे लागले. तेव्हा हे विवेचन पंडिताचे नाही, गरजवंताचे आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रथम आपल्या दारचीच गोष्ट घेऊ. वटार आणि त्याच्या आसपासची गावे हा सोपाऱ्याच्या पश्चिमेचा वाडीपट्टा. विहिरींच्या आणि बावखलांच्या पाण्यावर येथे केळी, पानवेली, भाजी आणि फुले पिकत आली. हा माल थांबत नाही. भात कणगीत महिनोन् महिने राहते. पालेभाजीची जुडी दुपारपर्यंत मान टाकते. १८६७ साली विरारहून मुंबईस बॅकबेपर्यंत लोकल गाडी सुरू झाली आणि मुंबईचा बाजार या पट्ट्याजवळ आला. पण जवळ आला तो स्टेशनापर्यंतच. वाडीपासून स्टेशनापर्यंतची वाट बैलगाडीनेच तोडावी लागे. ज्याची वाडी राहिली पण गाडी गेली, त्याचा माल वाडीतच कुजायचा. गाडीबरोबर बैल गेले तर राहाटही थांबायचा, म्हणजे पाण्याचाही प्रश्न आला. पुढे बैलगाडीची जागा टेंपोने घेतली आणि राहाटाची पंपाने. पण माल वेळेवर निघाला पाहिजे, हा नियम बदलला नाही. गाडी ही या पट्ट्यात चैनीची वस्तू कधीच नव्हती.

आता कर्जाकडे वळू. 'दिवाळे' या शब्दाची एक व्युत्पत्ती लोक सांगतात, ती अशी की बुडालेला व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी आणि आपण संपलो हे पेठेला कळवी. खरी असो वा नसो, तीत एक अर्थ आहे. दिवाळे ही उघड्यावर सांगायची गोष्ट होती, आणि सांगितल्यावर काही एक शेवट होत असे. जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, असा त्याचा आशय. पैसा थकला की धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सावकारी तेव्हाही कडकच होती. फरक एवढाच की सावकाराला गावातच राहावयाचे होते. कुणब्याचे बैल सोडवून नेले तर पुढच्या वर्षीचे व्याज कोण पिकवणार, हा हिशेब त्याला करावा लागे.

इंग्रजी अमलात हा हिशेब बदलला. कर्जाच्या खतावर कोर्टाचा हुकूमनामा मिळू लागला आणि हुकूमनाम्याच्या मागे सरकारी बळ उभे राहिले. गावाची भीड सुटली. त्यातच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भरात कर्जे वाढली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि पुढे शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन साराही वाढला. दख्खनच्या कुणब्याची कोंडी झाली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी त्याचा स्फोट झाला. लोकांचा रोख होता सावकाराच्या कागदांवर. खते आणि रोखे बाहेर काढून जाळली गेली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी सुरू केली, तीही याच १८७५ सालातील. एकाच जिल्ह्यात, एकाच साली, कोणी ज्ञानासाठी एकत्र जमत होते आणि कोणी कागद जाळण्यासाठी. आज आपण व्याख्यानाला जमलो आहो तेव्हा या दोन्ही जमावांची आठवण ठेवणे बरे.

सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. ठाणे जिल्हा, म्हणजे आपली वसई, त्यात नव्हती. या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद केले, आणि त्याची जमीन साध्या कर्जासाठी जप्त करू नये असे ठरवले. मात्र यात एक अपवाद ठेवला, आणि माझ्या आजच्या विषयाचे मूळ त्या अपवादात आहे. जी जमीन कर्जाच्या कागदात स्पष्टपणे गहाण लिहून दिली असेल, तिला हे संरक्षण नव्हते.

मग सावकाराने काय करावे? जे कोणीही हुशार सावकार करील तेच त्याने केले. साध्या खतावर पैसा देणे कमी केले आणि गहाणखत किंवा खरेदीखत लिहून मागू लागला. संरक्षण होते ते न गहाणलेल्या जमिनीला. म्हणून जमीन गहाणात घेतली की संरक्षण संपले. कायदा एक दार बंद करतो आणि पैसा शेजारच्या दाराने आत येतो. हे दार आपण लक्षात ठेवू, कारण पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपल्याला पुन्हा तेथेच यावयाचे आहे.

जमिनीची ही गोष्ट झाली. अवजारांचे काय? दिवाणी व्यवहार संहितेत, १८८२ च्या आणि तिच्यामागून आलेल्या १९०८ च्या, जप्त न करावयाच्या वस्तूंची यादी आहे. १९०८ च्या संहितेचे कलम ६० आजही चालू आहे, आणि प्रत्येक कर्जदाराने ते वाचावे असे मी म्हणेन. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या चालीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, आणि पोट भरण्यास लागतील इतकी गुरे व बियाणे, ही जप्त होत नाहीत. मजुराची मजुरीही जप्त होत नाही. या यादीमागचा विचार मोठा शहाणपणाचा आहे. सुताराचा रंधा विकून सावकाराला चार आणे मिळतील. पण रंधा त्याच्याकडे राहिला तर तो रुपया कमावील, आणि त्यातलाच काही भाग धनकोलाही मिळेल.

परंतु या यादीत गाडी शब्दाने नाही. बैल आहेत, नांगर आहे. गाडीचे नाव नाही. बैलगाडी हे शेतीचे अवजार होय की नव्हे? ती जमीन नांगरीत नाही, पण खत वाडीत आणते आणि माल बाहेर नेते. एक वकील म्हणेल अवजार, दुसरा म्हणेल मालमत्ता. टांगेवाल्याची अडचण याहून मोठी. तो शेतकरी नव्हे, आणि कारागीर म्हणावे तर हाताने वस्तू घडवीत नाही. साटा, चाके आणि घोडा हेच त्याचे हत्यार, पण तो कायद्याच्या कोणत्या रकान्यात बसतो हे पाहता पाहता बेलीफ दाराशी यावयाचा. टांग्याच्या जागी टॅक्सी आली, रिक्षा आली, टेंपो आला; प्रश्न तोच राहिला.

जप्तीपलीकडची पायरी म्हणजे नादारी, म्हणजे कोर्टाकडून रीतसर दिवाळखोर ठरवून घेणे. येथे एका रेल्वेमार्गावरच्या माणसांना दोन कायदे लागू झाले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांसाठी १९०९ चा कायदा. बाकी मुलखासाठी, म्हणून वसईसाठी, १९२० चा. मुंबईच्या कायद्यात धंद्याची हत्यारे, कपडे, अंथरूण, भांडी आणि सामान मिळून सारे तीनशे रुपयांपर्यंत नादाराकडे ठेवले. वसईच्या कायद्यात आकडा नाही. कलम ६० ची जी यादी, तीच नादारासाठी धरली. पाचशे रुपयांचे कर्ज असले की अर्ज करता येतो. १९०९ साली तीनशे रुपयांत सुताराची पेटी आणि घरची भांडी बसली असतील. आज त्यात रिक्षाचा एक टायरही येत नाही. ज्याने कायद्यात रुपयाचा आकडा लिहिला त्याने रुपया तेवढाच राहील असे धरले. आणि दोन्ही कायद्यांत एक वाक्य समान आहे: ज्या धनकोकडे वस्तू तारण आहे, त्याच्या हक्काला नादारीने बाध येत नाही.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला? इंग्लंडच्या १८८३ च्या कायद्यात हत्यारे आणि कपडे मिळून वीस पौंडांची मर्यादा होती. १९८६ च्या कायद्याने ती आकड्याची मर्यादा काढून टाकली आणि हत्यारांच्या जोडीला 'वाहने' हा शब्द स्पष्ट लिहिला. दिवाळखोराच्या धंद्याला जे वाहन आवश्यक, ते त्याचेच राहते. अर्थात वाहन फार किमती असेल, तर विश्वस्ताने ते विकून त्याला काम भागेल असे स्वस्त वाहन घेऊन द्यावे, अशी सोय आहे. ही तरतूद मला फार समंजस वाटते. ती चैन राखीत नाही, फक्त चाके राखते. जुनी, खडखडणारी गाडी असेल तर तिला कोणी हात लावीत नाही, कारण तिच्या जागी याहून स्वस्त काय देणार? अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्यानेही कर्जदाराच्या एका मोटारीत बाराशे डॉलरपर्यंतचा त्याचा हिस्सा सुरक्षित ठेवला. 'हिस्सा' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आपल्याकडे या मधल्या काळात कर्जाची जातच बदलली. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि छोट्या वाहतूकदारांना बँकेचे कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. हे मोठेच काम झाले, यात शंका नाही. ज्याच्या बापाने दुसऱ्याच्या गाडीवर रोजंदारी केली, तो स्वतःच्या गाडीचा मालक झाला. पण मालक झाला तो आर. सी. बुकावर बोजा चढवून. भाडेखरेदी किंवा नजरगहाण अशी नोंद त्या पुस्तकात होते, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी चालवणाऱ्याची असली तरी पुरती त्याची नसते. भाडेखरेदीत ऋणकोला काही हक्क मिळावेत म्हणून १९७२ साली संसदेने कायदा केला. तो कधी प्रत्यक्षात अमलात आलाच नाही, आणि २००५ साली रद्द झाला. कायदा छापून होणे आणि कायदा लागू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून शिकावे.

सुप्याच्या दंग्याला बरोबर शंभर वर्षे झाली त्या १९७५ साली महाराष्ट्रात कर्जमुक्तीचा कायदा झाला. अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर, शेतमजूर आणि कामगार यांची सावकारी कर्जे त्याने मिटवली, आणि सावकाराकडे गहाण पडलेल्या वस्तू परत देण्यास सांगितले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. किती घरांतली भांडीकुंडी आणि डाग त्या कायद्याने परत आणले असतील! पण बँकेचे कर्ज त्याच्या कक्षेबाहेर होते. गाडीचे कर्ज सावकाराकडून बँकेकडे जाऊ लागले होते. म्हणजे ज्या वस्तूचा आपण विचार करीत आहो, ती या कायद्याच्या हातून निसटली.

पुढे बँकांच्या जोडीला कर्ज देणाऱ्या कंपन्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर वसुलीची माणसे. हप्ता थकला की रस्त्यात गाडी अडवून किल्ली काढून घेण्याचे प्रकार आमच्या कचेरीत किती वेळा ऐकले, याची मोजदाद नाही. अशाच एका वाहनकर्जाच्या प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने गुंड लावून वसुली करण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले, आणि वसुली कायद्याच्या मार्गानेच व्हावी असे सांगितले. त्याआधी १९८० साली त्याच न्यायालयाने सांगितले होते की, ज्याच्याजवळ खरोखरच काही नाही अशा प्रामाणिक ऋणकोला केवळ कर्ज फेडले नाही म्हणून कैदेत टाकता येत नाही. माणसाचे शरीर सुटले; गाडी सुटावयाची होती.

ती सुटली असे २०१६ साली वाटले. त्या वर्षी नादारी आणि दिवाळखोरीची नवी संहिता झाली. तिच्या कलम ७९ मध्ये, कर्जदाराच्या मालमत्तेतून वगळावयाच्या वस्तूंत, हत्यारे आणि पुस्तके यांच्या जोडीने 'वाहने' हा शब्द भारताच्या दिवाळखोरीच्या कायद्यात आला. स्वतःच्या वापराला किंवा धंद्याला आवश्यक असलेले वाहन कर्जदाराकडे राहावे, असे त्यात म्हटले आहे. बैलगाडी अवजार की मालमत्ता, या जुन्या वादाला कागदावर तरी उत्तर मिळाले.

पण यात दोन गोम आहेत. पहिली अशी की संहितेचा व्यक्तींविषयीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला व्यक्तिगत जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झाला. हा मजकूर लिहीपर्यंत टेंपोवाल्याला आणि वाडीवाल्याला तो लागू नाही. त्यांना १९०९ आणि १९२० च्याच कायद्यांकडे जावे लागते. कारखानदाराच्या जामिनाला नवा कायदा मिळाला आणि रिक्षावाल्याला आजोबांच्या वेळचा.

दुसरी गोम अधिक खोल आहे. संहिता 'वाहने' म्हणते, पण बोजा नसलेली वाहने. १८७९ साली जमिनीला संरक्षण मिळाले ते न गहाणलेल्या जमिनीला. २०१६ साली वाहनाला मिळाले ते न गहाणलेल्या वाहनाला. शेजारचे दार जसेच्या तसे उघडे आहे. समजा, एकाने साठ हप्त्यांवर टेंपो घेतला. पन्नास हप्ते भरले. मग घरात आजारपण आले आणि शेवटचे दहा थकले. पन्नास हप्त्यांचा घाम त्या गाडीत आहे, पण आर. सी. बुकावर बोजा आहे. म्हणून संरक्षण नाही. याउलट शेजाऱ्याची पंधरा वर्षांची मोडकी गाडी, जिचे कर्ज केव्हाच फिटले, ती नव्या कायद्याच्या हिशेबाने त्याचीच राहावी. म्हणजे दिवाळ्यात टिकण्याचा हक्क आहे तो जुन्या, फेडलेल्या गाडीला. आपल्या पोरांना जिची लाज वाटते, शेजारी जिला भंगार म्हणतात, ती गाडी कर्जबाजाऱ्याची सर्वांत पक्की मिळकत होय.

मात्र जुन्या गाडीला वयाचा शत्रू आहे. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती, आणि तिच्यापायी काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. २०२१ साली केंद्राने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. त्यात धंद्याच्या वाहनाला पंधरा वर्षांनंतर यंत्राने तपासणी देऊन आपली लायकी सिद्ध करावी लागते. धूर कोणालाच नको, आणि नादुरुस्त गाडीने माणसे मरतात. म्हणून तपासणीला माझा विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्याची गाडी मोडीत काढता त्याला नवी गाडी बोजावरच घ्यावी लागते. एका सहीनिशी तो सुरक्षित यादीतून असुरक्षित यादीत जातो. याचा विचार मोडीच्या धोरणात कोठेतरी असला पाहिजे.

तेव्हा मागावयाचे काय? पहिले, संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग सर्वांना लागू करा, आणि त्यासाठी सामान्य माणसाला परवडेल अशी तालुक्याच्या ठिकाणी सोय करा. १९७२ च्या भाडेखरेदी कायद्याची गत याची होऊ देऊ नका. दुसरे, पोटापाण्याच्या वाहनावर बोजा असला, तरी ऋणकोने भरलेल्या रकमेपुरता त्याचा हिस्सा माना. बरेचसे कर्ज फिटले असेल तर गाडी ओढून नेण्याऐवजी उरलेले हप्ते लांबवून द्या. यात धनकोचे नुकसान नाही. ओढून नेलेली गाडी आवारात गंजते आणि लिलावात मातीमोल जाते, हे त्यालाही ठाऊक आहे.

या झाल्या सरकारकडे मागावयाच्या गोष्टी. त्यांना वेळ लागेल. काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. जुनी गाडी मोकळी असेल, तर लग्नाकार्यासाठी किंवा दुसऱ्या धंद्यासाठी तिच्यावर पुन्हा कर्ज काढू नका. 'जुन्या गाडीवर लगेच पैसे' अशा पाट्या रस्त्यारस्त्यावर दिसतात. ते १८७९ नंतरच्या गहाणखताचेच नवे रूप आहे. तसेच, हप्ते फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरतो असे पुष्कळांना वाटते, ते खरे नाही. कर्ज देणाऱ्याकडून बाकी नसल्याचा दाखला आणि सही केलेला ३५ नंबरचा फॉर्म घ्यावा लागतो, आणि तो परिवहन कार्यालयात देऊन आर. सी. बुकावरची नोंद काढून घ्यावी लागते. सगळे पैसे फेडून झाल्यावरही ज्यांच्या बुकावर बोजा तसाच उभा आहे, असे चालक मला दर महिन्याला भेटतात. सुप्याच्या लोकांना कागद वाचता येत नव्हता म्हणून त्यांनी तो जाळला. आपल्याला वाचता येतो. म्हणून आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपले आर. सी. बुक काढावे आणि बोजाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते एकदा पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.